तिखटाचा आरोप

मराठी माणसाचे मन नेमके कोठे वसते असे विचारले, तर आपण हात छातीवर ठेवतो. पण भाषेची साक्ष काढली तर ती पोटाकडे बोट दाखवते. भीतीने पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे हाल पाहून पोटात कालवते, शेजाऱ्याचे बरे झाले की पोटात दुखते. अपराध पोटात घातले जातात, गुपिते पोटात ठेवली जातात आणि ती तेथे मावली नाहीत तर ओठावर येतात. कळकळीने बोलणारा माणूस पोटतिडकीने बोलतो असे आपण सहज म्हणतो, आणि तिडीक म्हणजे मुळात सणकून उठणारी कळ, हे विसरून जातो. इतक्या भावनांचा मुक्काम जेथे आहे, त्या पोटात खरोखरीची जखम झाली आणि तिच्यातून रक्त वाहू लागले, तर त्या जखमेला जखम म्हणून पाहणे किती कठीण जात असेल, हा प्रश्न गेली अनेक वर्षे माझ्या डोक्यात आहे. त्याला निमित्त माझे वडील. पण प्रश्न त्यांच्यापुरता नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडे शब्दांविषयी. मराठी शिकवणाऱ्या माणसाची ही खोड वाचकांनी चालवून घ्यावी. जठरातून अन्न पुढे लहान आतड्यात जाते, त्या आतड्याच्या पहिल्या भागाला इंग्रजीत डुओडेनम म्हणतात. त्या लॅटिन शब्दात बाराचा आकडा दडलेला आहे. अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसने, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आगेमागे, या भागाची लांबी बारा बोटे (आडवी धरलेली) मोजली आणि तेच नाव दिले. ग्रीकमधून ते अरबीत गेले, अरबीतून लॅटिनमध्ये आले. आपल्याकडे 'आद्यांत्र' असा शब्द परिभाषाकोशवाल्यांनी सुचवला. 'द्वादशांगुल' असाही एक शब्द भेटतो, आणि तो भेटला की दोन हजार वर्षांपूर्वीची ती बारा बोटे एकदम आपल्या हाताला लागतात. माधवनिदानात 'परिणामशूल' म्हणून एका पोटदुखीचे वर्णन आहे. परिणाम म्हणजे येथे पचन. अन्न पचत असताना उठणारी कळ. जेवणानंतर दोन-तीन तासांनी, किंवा मध्यरात्री पोट रिकामे असताना उठणारी आणि चार घास खाल्ले की निवणारी आद्यांत्रव्रणाची कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना या शब्दातली अचूकता कळेल. व्रण हा शब्द मात्र मराठीत गोंधळाचा. आपण बऱ्या झालेल्या जखमेच्या खुणेला व्रण म्हणतो. वैद्यकात तो उघड्या जखमेसाठी वापरतात. माझ्या वडिलांना दोन्ही अर्थांचे व्रण होते, एक आत आणि एक बाहेर.

१९९१ सालची गोष्ट. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुका होत्या. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि उरलेले मतदान जूनमध्ये ढकलले गेले. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. निवडणुकीच्या कामावर गेले, तीन दिवसांनी भिजून परत आले आणि चौथ्या दिवशी पहाटे न्हाणीत कोसळले. त्याआधी दोन दिवस त्यांना डांबरासारखे काळे होत होते, ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. रक्त जठरातल्या आम्लात आणि आतड्यात मुरले की ते काळे, चिकट होऊन बाहेर पडते, ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. तांबडे रक्त दिसले असते तर घर हादरले असते. काळा रंग मात्र रक्ताचा असतो असे कोणाला वाटत नाही. बाबांनी तो जांभळांचा समजला होता.

जिल्ह्याच्या गावी एका रुग्णालयात त्यांना नेले. तेथे त्या रात्री काय घडले ते मी पाहिले नाही, मी पाचवीत होते आणि घरी आजीपाशी होते. पुढे बाबांचे घरी सोडतानाचे कागद माझ्या हाती आले आणि बऱ्याच वर्षांनी एका परिचित निवृत्त शल्यविशारदांनी ते मला ओळीओळीने वाचून दाखवले. एखाद्या पोथीवरची टीका समजावून द्यावी तसे.

ते म्हणाले, पोटातल्या रक्तस्रावात सर्वांत अवघड गोष्ट शस्त्रक्रिया नव्हे, तिची वेळ. पाचातील चार रुग्णांचे रक्त आपोआप थांबते. त्यांचे पोट उघडले तर आपण बऱ्या होणाऱ्या माणसाला सुरीखाली घातले असे होते. पाचव्याचे थांबत नाही. त्याच्यासाठी आपण वाट पाहत बसलो, तर रक्त संपत आलेला, थंडगार पडलेला माणूस टेबलावर येतो आणि मग सर्वोत्तम हातही उपयोगी पडत नाहीत. आणि हे पाचही जण पहिल्या रात्री अगदी सारखे दिसतात. म्हणून शल्यविशारदांनी काही अंगठेमोजणीचे नियम केले होते. किती बाटल्या रक्त गेले? चार, पाच, सहा? रक्त देऊनही रक्तदाब टिकत नाही का? एकदा थांबून पुन्हा सुरू झाले का? वय साठीच्या पुढे आहे का? दुर्मीळ रक्तगट आहे का? व्हिएन्नाचे हान्स फिन्स्टरर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आग्रहाने सांगितले होते की शस्त्रक्रिया करायची तर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत करा. उलट त्याच काळात कोपनहेगनचे मॉयलेनग्राख्ट रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांना उपाशी ठेवण्याची जुनी चाल मोडून पहिल्या दिवसापासून मऊ, भरपूर जेवण देत होते, आणि त्यांचे रुग्ण बरे होत होते. एक म्हणतो कापा, दुसरा म्हणतो जेवू घाला. दोघेही आपापल्या रुग्णांविषयी खरे बोलत होते.

बाबांचा रक्तगट बी निगेटिव्ह. त्यांच्या शाळेतले दोन सहकारी आणि एका सहकाऱ्याचा मेव्हणा, असे तिघे रक्त द्यायला पहाटे एसटीने आले. (पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची तेव्हा सर्वत्र चलती होती, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर ती प्रथा बंद करण्यात आली.) दुपारपर्यंत बाबांचे रक्त थांबले. संध्याकाळी पुन्हा उलटी झाली, या वेळी तांबडी. शल्यविशारदांनी मग वाट पाहिली नाही.

आता शस्त्रक्रिया. मी ती समजून घेताना जे शिकले ते येथे सांगते, कारण तिच्यात एक तर्कशुद्धता आहे जी मला एखाद्या चांगल्या रचनेसारखी वाटली. आद्यांत्राच्या मागच्या भिंतीला लागून एक जाडसर रोहिणी जाते. व्रण पुढच्या भिंतीला असेल तर तो भिंत भेदून पोटाच्या पोकळीत फुटतो. मागच्या भिंतीला असेल तर तो खोल खोल खणत त्या रोहिणीला जाऊन भिडतो आणि तिची कड कुरतडतो. म्हणजे एकच रोग, पण भिंत बदलली की मरणाची तऱ्हा बदलते. शल्यविशारद पोट उघडून जठराचे शेवटचे टोक आणि आद्यांत्राची सुरुवात यांवर उभा छेद घेतो. आत रक्त साचलेले असते, काही दिसत नाही. तो आधी बोट आत घालून रक्त येते त्या जागी दाबून धरतो. नुसते बोट. सहाय्यक रक्त ओढून घेतो, भूल देणाऱ्याला रक्ताच्या बाटल्या चढवायला उसंत मिळते. मग व्रणाच्या वर एक टाका, खाली एक टाका, आणि आडव्या येणाऱ्या एका फाट्यासाठी तिसरा. तिसरा विसरला तर रक्त पुन्हा येते. रक्त थांबले. पण व्रण का झाला? आम्लामुळे, असे तेव्हाचे उत्तर. आम्ल का सुटते? जठराकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूच्या हुकमामुळे. तेव्हा त्या मज्जातंतूच्या दोन्ही दोऱ्या अन्ननलिकेपाशी शोधून कापायच्या. त्या कापल्या की जठराची हालचाल मंदावते आणि अन्न पुढे सरकत नाही. म्हणून पुढचा दरवाजा रुंद करायचा. त्यासाठी काय करतात? मघाशी घेतलेला उभा छेद आडवा शिवतात. उभे कापायचे आणि आडवे शिवायचे, की तोंड आपोआप मोठे होते. हाइनेके आणि मिकुलिच या दोन जर्मनभाषक शल्यविशारदांच्या नावाने १८८० च्या दशकापासून ही युक्ती ओळखली जाते. आईला मी हे सांगितले तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे झंपराची काख करतात तसं." तिला जे एका वाक्यात कळले त्यासाठी मला तीन आकृत्या लागल्या होत्या.

जठरातल्या व्रणाची रीत थोडी वेगळी. तेथे कर्करोगाची शंका असते म्हणून व्रण काढून तपासायला पाठवावा लागतो, कधी जठराचाच भाग काढावा लागतो. जठराचा भाग काढून उरलेला आतड्याला जोडण्याचे काम थिओडोर बिलरोट यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात प्रथम यशस्वी केले, तेही व्रणासाठी नव्हे, कर्करोगासाठी. (हे बिलरोट ब्राम्सचे जिवलग मित्र, ब्राम्सने आपली दोन तंतुवाद्य-चतुष्के त्यांना अर्पण केली आहेत. संगीताच्या मंडळींना ते तेवढ्यापुरतेच ठाऊक असतात.) व्रणासाठी पहिल्यांदा जठर कापले ते त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, पोलंडच्या लुडविक रिडिगियर यांनी, एका छोट्या गावातल्या आपल्या खाजगी रुग्णालयात. त्यांचा वृत्तांत छापताना जर्मन नियतकालिकाच्या संपादकाने तळटीप जोडली की ही अशी पहिलीच शस्त्रक्रिया दिसते आणि ती शेवटचीही ठरो. पुढे जवळजवळ शंभर वर्षे जगभर तीच होत राहिली. संपादकांच्या तळटीपांविषयी यापेक्षा अधिक काही बोलायची गरज नाही.

व्हेगस या शब्दापाशी मात्र थांबायला हवे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भटका. मेंदूतून निघून गळा, हृदय, फुप्फुसे करत करत पोटापर्यंत भटकत जाणारी ही मज्जा. पाव्हलॉव्हने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून तिचे पचनातले काम दाखवले आणि त्या संशोधनासाठी १९०४ चे नोबेल मिळवले. नंतरच्या पिढ्यांना तो फक्त घंटा आणि लाळ यांच्यासाठी आठवतो. १९४३ साली शिकागोत लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी व्रणाच्या रुग्णात ती कापायला सुरुवात केली. विचार असा, की काळजी मेंदूत असते, आम्ल पोटात, आणि या दोहोंमधली तार हीच. तार तोडा. आणि त्याच शिकागोत त्याच सुमारास फ्रान्झ अलेक्झांडर हे मनोविश्लेषक तीच तार दुसऱ्या टोकाकडून वाचत होते. त्यांचे म्हणणे असे की व्रणाचा रुग्ण वरून कर्तबगार, स्वावलंबी, खमका दिसतो. आत मात्र त्याला कोणीतरी आपल्याला भरवावे, जपावे अशी लहान मुलाची भूक असते. ती भूक तो स्वतःशीही कबूल करत नाही. पोट मात्र कबूल करते आणि अन्न येणार या आशेने सतत आम्ल सोडत राहते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे वाचून आनंद होतो. मलाही झाला होता. हे समीक्षेसारखे आहे, शरीर ही संहिता आणि व्रण ही तिच्यातली प्रतिमा. सुसान सोनटॅग यांचे रोग आणि रूपक यांविषयीचे पुस्तक १९७८ चे. त्यात क्षय आणि कर्करोग यांवर समाजाने लादलेल्या अर्थांचा समाचार आहे. व्रणाकडे त्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. कदाचित व्रणाला क्षयाचे सौंदर्य नाही आणि कर्करोगाचे भयही नाही म्हणून असेल. तो कारकुनांचा, शिक्षकांचा, बसवाहकांचा रोग. पण त्याच्यावर अर्थ लादला गेला नाही असे मुळीच नाही. उलट क्षयाचा जंतू १८८२ सालीच सापडला होता; व्रणाचा अर्थ शंभर वर्षे बिनजंतूचा, निव्वळ स्वभावाचा आणि ताटातल्या अन्नाचा राहिला.

जेम्स जॉइसचे पाहा. पॅरिसमध्ये वर्षानुवर्षे त्याचे पोट दुखत होते. डॉक्टरांनी ते मज्जातंतूंचे, म्हणजे थोडक्यात मनाचे, दुखणे ठरवले. ज्याने आयुष्यभर माणसाच्या मनातली बडबड शब्दांत उतरवली, त्याच्या पोटाला कोणी पोट मानेना. डिसेंबर १९४० मध्ये युद्धातून वाट काढत तो झुरिकला पोहोचला. १० जानेवारीला असह्य कळ उठली, दुसऱ्या दिवशी आद्यांत्राचा फुटलेला व्रण शिवण्यात आला. त्याला रक्त हवे होते. ते दोन स्विस सैनिकांनी दिले, नशाताल या गावचे. नशातालची वाइन त्याला आवडत असे, म्हणून त्याला तो शुभशकुन वाटला, असे त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. १३ जानेवारी १९४१ च्या पहाटे तो गेला, एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायच्या आत. टॉल्किन १९७३ च्या सप्टेंबरात गेला तो रक्तस्राव होणाऱ्या जठरव्रणानंतर छातीत संसर्ग होऊन, पण तो एक्क्याऐंशी वर्षांचा होता. चार्ल्स बुकोव्स्की १९५० च्या दशकाच्या मध्यास लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात रक्ताच्या उलट्यांनी मरता मरता वाचला आणि बाहेर आल्यावर कविता लिहू लागला. वाङ्मयेतिहासात व्रणाच्या खात्यावर जमा असलेली ही एकच रक्कम मला ठाऊक आहे.

आमच्या घरात अलेक्झांडर कोणी वाचला नव्हता, पण घराला आपला अर्थ हवाच होता. बाबा रुग्णालयात असताना आजीने तो लावला. आमचा भाग मिरचीचा. दर उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या निवडून, वाळवून, डंकावरून वर्षाची चटणी कुटून आणायची, कांदा-लसूण घालून बरणीत दाबायची. आईच्या हातच्या चटणीला भावकीत मान होता. आजी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "हिच्या चटनीनं माज्या लेकाचं आतडं जाळलं बगा." आई रुग्णालयातून कपडे न्यायला घरी आली तेव्हा तिच्या तोंडावरही तेच म्हणाली. आई काही बोलली नाही. बरणी तिने उचलून शेजारच्या घरी दिली.

डॉक्टरांनी कागदावर तिखट, तेलकट, चहा, तंबाखू वर्ज्य असे लिहिले होते, जसे तेव्हा सगळेच लिहीत. ते आजीच्या बाजूचे साक्षीपुरावे ठरले. त्यानंतर सतरा वर्षे आमच्या चुलीवर आणि पुढे गॅसवर दोन भांडी चढत होती, एकात बाबांची पिवळी आमटी आणि दुसऱ्यात आमची. आई स्वतः पिवळीच खायची. बाबा जेवल्यावर अर्धा तास आडवे पडत. त्यांना जेवणानंतर घाम फुटे, छाती धडधडे. घर त्याला वामकुक्षी म्हणे, आजी अशक्तपणा म्हणे. रुंद केलेल्या दरवाजातून अन्न भराभर आतड्यात उतरते त्याचा हा परिणाम असतो आणि आडवे पडल्याने तो कमी होतो, हे मला त्या निवृत्त शल्यविशारदांनी सांगितले. बाबांनी ते अनुभवाने शोधले होते. पण आजीच्या आरोपाविषयी ते एकदाही, हो किंवा नाही, काहीच बोलले नाहीत. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांची स्वतःची एक वेगळी गोष्ट तयार होत होती, त्यात चटणीला जागाच नव्हती. त्यांचा व्रण निवडणुकीने केला होता: तीन दिवसांचे जागरण, चहावर काढलेली रात्र, ओढ्याला आलेले पाणी, मतपेट्या डोक्यावर. तीही काही अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण त्या दिवसांत गुडघा दुखतो म्हणून त्यांनी दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या होत्या. तसल्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात हे आज कोणीही सांगेल. परंतु बाबांच्या गोष्टीत गोळ्या नव्हत्या. गोळ्यांत पराक्रम नसतो.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९७९ सालीच रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला जठराच्या नमुन्यांत वाकडे जंतू दिसले होते. जठरातल्या आम्लात काही जगू शकत नाही हा सिद्धान्त होता, म्हणून इतरांना ते दिसत नव्हते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत लागला. जंतू बशीत वाढेनात. नेहमीप्रमाणे दोन दिवसांनी बश्या फेकल्या जात. १९८२ च्या एप्रिलात ईस्टरच्या सुटीमुळे बश्या तशाच राहून गेल्या आणि जंतू उगवला. १९८४ मध्ये मार्शलने तो स्वतः पिऊन दाखवला आणि जठराला सूज आणवली. तरीही वैद्यकाला पटायला आणखी दहा वर्षे गेली. म्हणजे बाबांच्या दोन्ही मज्जा कापल्या गेल्या तेव्हा हे सारे छापून सात वर्षे झाली होती. त्या शल्यविशारदांचा त्यात दोष नाही. रक्त तर थांबवायलाच हवे होते, आणि ते त्यांनी थांबवले.

२००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल जाहीर झाले. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. वर्तमानपत्रातली बातमी मी आईला वाचून दाखवली. तिखटाने व्रण होतो याला पुरावा नाही, असलेल्या जखमेला ते झोंबते इतकेच. काळजीनेही एकट्याने होत नाही. जंतूने होतो. मला वाटले होते ती सुटकेचा श्वास टाकेल. तिने विचारले, "मग तो जंतू आला कुठनं? पाण्यातनं? का माझ्या हातातनं?"

चौदा वर्षे वाहिलेला आरोप माणूस असा खाली ठेवत नाही, हे मला त्या क्षणी कळले. एक काढून घेतला की हात दुसरा शोधतो. मी तिला सांगितले की हा जंतू बहुधा लहानपणीच शिरतो, घरातल्या घरात, मोठ्यांकडून मुलांकडे; लग्नानंतर बायकोच्या स्वयंपाकातून नव्हे. ती थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आत्याबाईंकडनं?" आजीला ती आत्याबाई म्हणे. आजी जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मी म्हटले, तसे सांगता येत नाही, पण असू शकते. "मग हे कुणाला सांगू नको," आई म्हणाली. "त्या आता नाहीत." आणि ही गोष्ट तिने खरोखरच पोटात ठेवली. आई गेल्यावर, म्हणजे आता, मी ती येथे लिहीत आहे. तिची अट मोडते आहे याची मला जाणीव आहे, पण आजीवर आरोप ठेवण्यासाठी लिहीत नाही, कारण आरोप ठेवायला जागाच नाही. भारतातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या पोटात हा जंतू कधी ना कधी वसतीला असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना कधीही व्रण होत नाही. बाबांनाच का झाला, याचे उत्तर जंतूकडेही पूर्ण नाही. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर हे वाचन आधीच्या वाचनांपेक्षा अधिक पुराव्याचे आहे. पण कथेची भूक भागवण्याच्या कामी ते आजीच्या वाचनाच्या पासंगालाही पुरत नाही.

आता असे रक्तस्राव बहुतेक दुर्बिणीतूनच थांबवले जातात: तोंडावाटे नळी आत घालून व्रणाच्या कडेला अॅड्रिनलीन टोचायचे, उष्णतेने रक्तवाहिनी बंद करायची किंवा तिला चिमटा लावायचा, आणि शिरेतून आम्ल रोखणारे औषध द्यायचे. व्रण पाहून कोणता पुन्हा वाहील याचा अंदाज बांधण्याची फॉरेस्ट यांची प्रतवारी १९७४ ची; उडणारी धार, पाझर, उघडी रक्तवाहिनी, चिकटलेली गुठळी, काळा ठिपका, स्वच्छ तळ. मला ती यादी वाचताना नेहमी वाटते की रक्ताचे इतके नेमके निरीक्षण आपल्या कथांत क्वचितच आढळते. दुर्बिणीनंतर पुन्हा रक्त आले तर सरळ शस्त्रक्रिया करायची की पुन्हा दुर्बीण, या जुन्याच प्रश्नाचे उत्तर हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९९ साली ब्याण्णव रुग्णांच्या अभ्यासातून दिले. अठ्ठेचाळीस जणांवर दुसऱ्यांदा दुर्बीण, चव्वेचाळीस जणांवर शस्त्रक्रिया. दुर्बिणीच्या गटातल्या पस्तिसांचे रक्त कायमचे थांबले, तेरांना शेवटी पोट उघडावे लागले. गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या गटात अधिक झाली. दुर्बीणही हरली तर आता मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून बारीक नळी नेऊन आतूनच वाहिनी बुजवता येते. शस्त्र शेवटी उरते, आणि म्हणून, ते निवृत्त शल्यविशारद म्हणाले, आताच्या मुलांनी ही शस्त्रक्रिया फारशी पाहिलेलीच नसते. ज्या रात्री तीच करावी लागते त्या रात्री रुग्ण सर्वांत खचलेला असतो आणि हात सर्वांत नवखे. त्यांच्या आवाजात बढाई नव्हती. व्हेगस कापणे तर जवळजवळ बंदच पडले आहे.

बाबांची दुर्बीण तपासणी २००८ साली झाली, सतरा वर्षांनी, पोट पुन्हा दुखू लागले म्हणून. मी शेजारी उभी होते. पडद्यावर गुलाबी, ओली, हलणारी भिंत दिसत होती. जठराचे तोंड वेडेवाकडे झाले होते. उभे कापून आडवे शिवल्याची ती जागा. तेथे एक काळा दोरा अजून होता, टोक किंचित बाहेर. डॉक्टर म्हणाले, रेशीम आहे, कधी कधी राहते. व्रण नव्हता, सूज होती. तपासणीत जंतू सापडला आणि चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. बाबांनी त्या घड्याळ लावून घेतल्या, एक डबी संपली की तारीख लिहून ठेवली. नंतर पुन्हा केलेल्या तपासणीत जंतू नव्हता.

त्या दिवसापासून आईने एकच भांडे चढवायला सुरुवात केली, पिवळ्याच आमटीचे. आम्हाला सगळ्यांना तोवर तिची सवय झाली होती. बाबांना भेटायला कोणी आले आणि सदऱ्याच्या बटणांमधून त्या उभ्या व्रणाकडे नजर गेली, की ते १९९१ ची निवडणूक सांगायला घेत. मी जंतूचे नाव काढले की मान हलवत, "तेही असेल" म्हणत, आणि पुढे सांगू लागत. दरवर्षी त्या गोष्टीत ओढ्याचे पाणी थोडे वर चढत असे.